पाण्याची वेळ

पहाटे पावणेचारला हे उठतात.
खुंटीवर खाकी शर्ट शोधतात,
जो मी सात वर्षांपूर्वी बोहारणीला दिला,
स्टीलच्या एका डब्यावर.

"चावी कुठाय? पार्कसाइटला पाणी सोडायचंय.
टेकडीवरच्या बायका हंडे लावून बसल्या असतील."

आधी मी सांगायची,
अहो, रिटायर झालात तुम्ही.
नारळ दिला, शाल दिली,
हा बघा फोटो, हे तुम्ही, हा मुकादम फडतरे.
हे फोटोकडे बघायचे, मग माझ्याकडे,
भर चौकात चोर ठरवलेल्या माणसासारखे.
खरं बोलून बोलून मी
रोज पहाटे त्यांना
नव्याने नोकरीवरून काढत होते.

राजावाडीतली पोरगेली डॉक्टरीण म्हणाली,
आजी, परीक्षा नका घेऊ त्यांची.
समोर बसून बोला, टीव्ही बंद करा,
एका वेळी एकच गोष्ट. मग थांबा.
किती वेळ थांबू?
लागेल तेवढा.
मला हसूच आलं.
एकेचाळीस वर्षं आमच्या घरात
लागेल तेवढं काहीच नव्हतं,
पाणीसुद्धा चार ते सव्वापाच.

मग कन्नमवार नगरची लाइन फुटली.
दोन दिवस नळ कोरडा.
तिसऱ्या दिवशी आधी नुसती हवा,
खाकरणं, फुसफुस,
मग गढूळ, गंजाचं, तांबडं.
मी कळशी धरून उभी.
नळावर कोण ओरडतं?
गढूळ जाऊ दिलं. मागून नितळ आलं.

तेव्हापासून यांचं
"ते... ते हे... आपलं... ते"
मी मध्ये तोडत नाही.
शब्द पुढे करत नाही.
भांडं धरून उभी राहते.

रोज जमतं असं नाही हं.
परवा सतराव्यांदा "चावी कुठाय" म्हणाले
आणि उलथनं आपटलं मी ओट्यावर.
केवढे दचकले!
शब्द विसरतात, आवाज विसरत नाहीत.
हात पुसून जवळ बसले मग,
गुडघ्यावर तळवा ठेवून.
बोलले काहीच नाही. 
थोड्या वेळाने त्यांनी माझी बांगडी फिरवली,
डावीकडे, हळूहळू, बंद करतात तशी.

आता पहाटे चहा ठेवते आणि विचारते,
"आज सुरुवात कुठून?"
हे सांगतात,
खालचा व्हॉल्व्ह अर्धाच खोलायचा,
नाहीतर वरच्यांना थेंब मिळत नाही.
मशिदीमागचा उलट्या आट्याचा.
गिरणीपुढचं झाकण जड, पहार लागते.
इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं मी.
विचारलंही नव्हतं.
पगार विचारायची, सुट्टी विचारायची.

मग खाली उतरतो आम्ही.
वॉचमन मिश्रा आता सवयीने गेट उघडतो.
बिल्डिंगपुढच्या लोखंडी झाकणापाशी
हे उकिडवे बसतात
आणि हवेतच चावी फिरवतात.
मी आटे मोजते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.
"बस," हे म्हणतात. "आता थांबायचं.
वर चढायला वेळ लागतो."

काल तिथेच कट्ट्यावर टेकलो होतो.
"बायजी," म्हणाले.
बायजी यांची थोरली बहीण, जाऊन वीस वर्षं झाली.
मी म्हटलं, "काय रे?"
जन्मात पहिल्यांदा यांना अरे-तुरे केलं.

"आमची ही..."
मी थांबले.
"सगळ्या टेकडीला पाणी..."
दूधवाल्याची सायकल गेली. एक कुत्रं आळस देऊन उठलं.
"आणि हिने... आपलं... ते... बादल्या...
तीन मजले. पोटुशी होती तरी.
मी कधी... नाही ना गं विचारलं."

ओठांवर आलं होतं, अहो, मीच ती.
गिळलं.

"सांगू का तिला?" मी विचारलं.

बराच वेळ हे झाकणाकडे बघत राहिले.
वरच्या कुठल्या तरी खिडकीत
नळ खाकरला.

"सांग," म्हणाले.
"पण ती झोपली असेल आत्ता.
उठवू नको."